'व्हिडिओ मोबाईलमध्ये जातच नाही' – असा ग्राहक आला तर काउंटरवर काय कराल?



तुळशीचं लग्न झालं की आमच्या घणसोली गावात हळदींचा सीझन सुरू होतो. रात्रभर बेंजो, डीजे, मांडवात पाय ठेवायला जागा नसते. आणि त्यानंतर महिन्याभरात माझ्या काउंटरवर पेनड्राइव्ह यायला लागतात. कुणाच्या मुलाची हळद, कुणाच्या भाचीचं लग्न. शूटिंगवाल्याने काम करून दिलेलं असतं, पण घरात कॉम्प्युटर नसतो. सगळ्यांना ते मोबाईलवर बघायचं असतं.

"दादा, यो व्हिडिओ मोबाईलमंदी जातच नाय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. पण दुकान सुरू केलं तेव्हा घाम फुटायचा. मी काय करायचो? केबल काढ-घाल, फोन रिस्टार्ट, दुसरं ॲप टाकून बघ. नशिबाने झालं तर झालं, नाहीतर "तुमचा फोन जुना झालाय" म्हणून मोकळा. या पद्धतीत ग्राहक एकदा येतो, परत येत नाही.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी हे काम करून दाखवलंय. पण व्हिडिओत सगळं बोलता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मोबाईल ॲक्सेसरीज, झेरॉक्स, रिचार्ज किंवा सायबर कॅफेचं दुकान टाकायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. मी केलेली एक मोठी चूकही यात आहे. ती तुम्ही करू नका.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा

"जात नाही" म्हणजे नक्की काय? ग्राहकाच्या या एका वाक्यामागे तीन वेगवेगळे आजार असतात:

१. फोन कॉम्प्युटरला दिसतच नाही.
२. कॉपी सुरू होते, पण मध्येच अडते.
३. फाईल फोनमध्ये गेली, पण चालत नाही. एकतर काळा पडदा, नाहीतर चित्र आहे आणि आवाज नाही.

तिन्हींचं औषध वेगळं. म्हणून आधी ग्राहकाला सांगा, "काकू, तुम्ही काय केलं आणि स्क्रीनवर काय आलं ते दाखवा." दोन मिनिटं बघा आणि मगच हात लावा. डॉक्टरही आधी नाडी बघतो, लगेच सुई टोचत नाही.

आजार पहिला: फोन दिसतच नाही

इथे दहातले बहुतेक वेळा दोषी असते केबल. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांच्या आत करंट नेणाऱ्या तारा असतात, डेटा नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलने फोन मस्त चार्ज होतो, म्हणून ग्राहकाला वाटतं केबल चांगली आहे. काउंटरखाली तुमची स्वतःची एक खात्रीची डेटा केबल ठेवा, तिच्यावर लाल टेप लावा आणि ती कधीही विकू नका. पहिली चाचणी त्याच केबलने.

केबल बदलूनही दिसत नसेल तर फोनचं लॉक उघडा. स्क्रीन लॉक असेल तर अँड्रॉईड फोन आपल्या फाईल दाखवत नाही. मग वरून नोटिफिकेशन खाली ओढा. तिथे 'चार्जिंग' असं काहीतरी दिसेल. त्यावर दाबून 'फाईल ट्रान्सफर' निवडा. बहुतेक फोन सुरक्षेसाठी आपणहून चार्जिंगवरच राहतात. हे एक बटण दाबलं की अर्धे ग्राहक "अरे, एवढंच होतं?" म्हणतात.

आयफोनची गोष्ट वेगळी. विंडोज कॉम्प्युटरवरून आयफोनच्या फोटोंमध्ये माउसने ओढून व्हिडिओ टाकता येत नाही. फोन बिघडलेला नसतो, त्याची रचनाच तशी आहे. आयट्यून्समधून फाईल टाकता येते, किंवा आयफोनमध्ये व्हीएलसी ॲप टाकून त्यातल्या वायफाय शेअरिंगने व्हिडिओ पाठवता येतो. आयफोन १५ पासून पुढे टाइप-सी पोर्ट आलं, त्यामुळे तिथे टाइप-सी पेनड्राइव्ह थेट लावून 'फाईल्स' ॲपमधून कॉपी करता येतं.

आजार दुसरा: कॉपी मध्येच अडते

इथे पहिल्यांदा बघा फोनमधली रिकामी जागा. फोनवर ६४ जीबी लिहिलेलं असलं तरी त्यातली बरीच जागा सिस्टिमच खाते. उरलेली व्हॉट्सॲपच्या 'गुड मॉर्निंग'ने भरलेली असते. फाईल ८ जीबीची आणि जागा ८.२ जीबी, असं असेल तर कॉपी करू नका. फोन काठोकाठ भरला की हँग होतो आणि मग ग्राहक म्हणतो, "तुमच्याकडून आणल्यापासून फोन बिघडला."

जागा भरपूर आहे तरी फाईल जात नाही, असं झालं तर फाईलचा आकार बघा. ४ जीबीच्या वर आहे का? मग खरा चोर सापडला.

मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हमध्ये फाईल ठेवायची एक पद्धत असते, तिला फाईल सिस्टिम म्हणतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण फॅट३२ या जुन्या पद्धतीची असतात. या पद्धतीत एक फाईल जास्तीत जास्त ४ जीबीची, तीही एक बाईट कमी. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात २८ जीबी मोकळी असली तरी ५ जीबीची एक फाईल त्यात जाणार नाही. कॉम्प्युटर सांगतोही, 'फाईल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाईल सिस्टिम'. पण ती ओळ वाचतो कोण? आपण 'कार्ड खराब आहे' म्हणून मोकळे होतो.

असं समजा, गोदाम मोठं आहे पण दरवाजा लहान आहे. पोती हवी तेवढी ठेवा, पण कपाट आत जाणार नाही.

यावर उपाय तीन आहेत:

- फाईल कार्डात न टाकता फोनच्या आतल्या मेमरीत टाका. तिथे ही ४ जीबीची अडचण नसते.
- कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं याच पद्धतीची येतात. फॉरमॅट म्हणजे कार्ड पूर्ण पुसलं जाणार, म्हणून आधी सगळ्याची कॉपी. फोन एक्सफॅट वाचतो का, तेही बघून घ्या.
- व्हिडिओ लहान करा. कसा, ते पुढे सांगतो.

याच्या उलटही होतं. शूटिंगवाल्याने पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. कॉम्प्युटरवर तो व्यवस्थित उघडतो, पण ओटीजी लावून फोनला जोडला की फोन म्हणतो, 'ड्राइव्ह सपोर्टेड नाही'. अनेक अँड्रॉईड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. अशा वेळी फोनच्या एका बटणावर 'फॉरमॅट' असं येतं. ते बटण दाबू नका. ग्राहकालाही सांगा. घाईत ते दाबलं की लग्न गेलं. कॉम्प्युटरमधून कॉपी करा, संपला विषय.

आणि वेळेचा अंदाज द्या. टाइप-सी पोर्ट असले तरी बऱ्याच फोनमध्ये आत यूएसबी २.० असतं. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाईट. प्रत्यक्षात ३० मेगाबाईटच्या आसपास मिळाला तरी समाधान माना. या हिशोबाने १० जीबीला साडेपाच-सहा मिनिटं लागतात. ग्राहकाला "दहा मिनिटं लागतील, बसा" सांगितलं की तो शांत बसतो. "होईल लगेच" म्हटलं तर दुसऱ्या मिनिटाला केबल हलवून बघतो.

आजार तिसरा: गेला, पण चालत नाही

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा. त्यासाठी जेवणाचा डबा डोळ्यासमोर आणा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची नावं. आत भाजी कोणती आहे ते वेगळं. त्या भाजीला म्हणतात कोडेक. दोन एमपी४ फाईल बाहेरून सारख्याच दिसतात, पण एकीत एच.२६४ असतो, दुसरीत एच.२६५. एच.२६४ हे २००३चं मानक आहे आणि आज चालत असलेल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनला पचतं. एच.२६५ हे २०१३चं. कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देतं, पण जुन्या आणि स्वस्त फोनला जड जातं. नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट शूटिंग तर चांगल्या चांगल्या फोनला अडतं.

म्हणूनच फाईलचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केल्याने काही होत नाही. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून वांग्याचं पनीर होत नाही ना?

चित्र दिसतंय आणि आवाज नाही, तर आवाजाचा कोडेक फोनला कळत नाहीये. इथे पहिला उपाय फुकटचा आहे: फोनमध्ये व्हीएलसी प्लेअर टाका. तो बहुतेक सगळं चालवतो. दहापैकी अनेक केस इथेच सुटतात.

तरी अडकत असेल किंवा फाईल फारच मोठी असेल तर कन्व्हर्ट करा. त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे. मोफत आहे आणि ओपन सोर्स आहे. त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडा. चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी अशी एमपी४ फाईल मिळते, जी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर चालेल.

आकारात किती फरक पडतो, एक हिशोब बघा. फोर-के कॅमेऱ्याचं शूटिंग सेकंदाला १०० मेगाबिटने झालं असेल तर एका तासाला ४५ जीबी होतात. तेच १०८०पीमध्ये सेकंदाला ८ मेगाबिटवर आणलं तर एका तासाला ३.६ जीबी. मोबाईलच्या सहा इंची स्क्रीनवर आजीला यातला फरक कळणार नाही. पण मूळ ४५ जीबी कुठेतरी जपून ठेवा, हे मात्र सांगा. एकदा लहान केलेलं परत मोठं होत नाही.

केबलशिवाय पाठवायचं असेल तर

व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणून चित्र फुटतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. २ जीबीपर्यंतची फाईल अशी जाते. अँड्रॉईडवरून अँड्रॉईडला क्विक शेअर, आयफोनवरून आयफोनला एअरड्रॉप. दोन्हींत इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. अँड्रॉईड आणि आयफोन एकमेकांत अडले तर लोकलसेंड हे मोफत ॲप दोन्हींवर चालतं, फक्त दोघं एकाच वायफायवर हवेत.

अजूनही काही जण शेअरइट आणि झेंडर मागतात. २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात ही दोन्ही होती. कुठल्यातरी वेबसाइटवरून ती उतरवून ग्राहकाच्या फोनमध्ये टाकून देऊ नका. त्याच फोनमध्ये त्याचं बँकेचं ॲप असतं.

आता माझी चूक

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. गावातल्याच एक काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. मुलाच्या हळदीचं शूटिंग, २७-२८ जीबी. फोनमध्ये जागा नव्हती. पेनड्राइव्ह भाच्याचा होता आणि तो त्याला रिकामा परत हवा होता.

मी म्हटलं, "काकू, ६४ जीबीचं कार्ड टाका, सगळं बसेल." माझ्याकडे घाऊक बाजारातून आणलेली स्वस्त कार्डं होती. त्यातलं एक लावलं. आणि वेळ वाचवायला मी फाईल 'कॉपी' न करता 'कट' केल्या. सगळं गेलं, कार्डात नावं दिसली, पहिला व्हिडिओ लावून दाखवला. काकू खूश, मी खूश. पैसे घेतले.

पंधरा दिवसांनी काकू परत आल्या. "बाला, नावं दिसतान, पन लागत नाय."

पहिल्या काही फाईल चालत होत्या. बाकीच्यांची फक्त नावं होती. ते कार्ड बनावट होतं. वर ६४ छापलेलं, आत खरी जागा जेमतेम ८ जीबी. अशी कार्डं कॉम्प्युटरला खोटं सांगतात की आमच्यात ६४ जीबी आहे. कॉपी करताना कुठेच चूक दिसत नाही, पण खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत जातो. आणि मी 'कट' केल्यामुळे पेनड्राइव्ह रिकामा होता. भाच्याने तोवर त्यावर दुसरं काही भरलं होतं. शूटिंगवाल्याकडे फक्त वीस मिनिटांची एडिट केलेली फिल्म उरली होती, गाणी लावलेली.

जे गेलं त्यात काकूंच्या सासूबाई होत्या. त्या धवलारीण. गावातल्या कितीतरी लग्नांत त्यांनी धवले म्हटले होते. नातवाच्या हळदीला त्या बसून जवळजवळ तासभर गायल्या, आणि ते पूर्ण रेकॉर्ड झालेलं एवढंच एक होतं. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये त्या दिसतात, पण आवाज डीजेच्या गाण्याचा आहे.

मी कार्डाचे पैसे परत दिले. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने दोन रात्री घालवल्या. पण जे कार्डात लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून येणार? काकू चिडल्या नाहीत. "असू दे" म्हणाल्या आणि गेल्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. वर्षभराने सासूबाई वारल्या. त्या घरासमोरून जाताना अजूनही माझी मान खाली जाते.

मित्रांनो, फाईलला आपण एमबी आणि जीबीमध्ये मोजतो. समोरचा माणूस तसं मोजत नाही. हा धंदा करायचा असेल तर एवढं आधी समजून घ्या.

त्यानंतर माझ्या दुकानात पाच नियम

१. 'कट' बंद. नेहमी कॉपी. जुन्या जागेवरून पुसायचं काम ग्राहकाने स्वतः करायचं, तेही घरी जाऊन सगळं बघितल्यावर.

२. प्रत्येक कार्ड विकण्याआधी तपासायचं. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. ६४ जीबीला तास-दीड तास, हळू कार्ड असेल तर जास्त लागतो. रात्री दुकान बंद करताना लावून जा. पूर्ण माल तपासणं जमत नसेल तर निदान प्रत्येक लॉटमधली दोन तपासा आणि माल बिलावरच घ्या.

३. कॉपीनंतर तीन ठिकाणी बघायचं. प्रत्येक मोठी फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. दोन्हीकडचा आकार जुळवा. एमपी४ची आतली यादी बऱ्याचदा फाईलच्या शेवटी असते, त्यामुळे कॉपी शेवटच्या क्षणी तुटली तरी पूर्ण फाईल उघडत नाही.

४. 'इजेक्ट' केल्याशिवाय पेनड्राइव्ह काढायचा नाही. कितीही गर्दी असली तरी.

५. सात दिवस कॉपी माझ्याकडे, ग्राहकाच्या परवानगीने. पावतीवर तसं लिहितो आणि सही घेतो. सात दिवसांनी पुसतो. परवानगी नाही दिली तर त्याच्यासमोर लगेच पुसतो. आणि ज्या फोल्डरचं काम आहे तेवढंच उघडायचं. लोक तुमच्या हातात फोन देतात म्हणजे घराची चावी देतात.

पैसे किती घ्यायचे?

माझे दर सांगतो, तुमच्या भागाप्रमाणे बदला. तपासणी आणि साधी कॉपी ५० रुपये. कार्डाचा बॅकअप घेऊन फॉरमॅट १०० रुपये. कन्व्हर्ट करणं, एका तासाच्या व्हिडिओला १५० रुपये. कन्व्हर्टला कॉम्प्युटर राबतो, तुम्ही नाही. संध्याकाळी लावा, सकाळी द्या.

दोष फक्त केबलचा निघाला तर तपासणीचे पैसे घेऊ नका, केबल विका. 'फाईल ट्रान्सफर'चं बटण दाबण्याचे पैसे तर कधीच घेऊ नका. ते शिकवून पाठवा.

खरं सांगू? महिन्याला असे २० ग्राहक आले आणि सरासरी १०० रुपये मिळाले तर २००० होतात. गावठाणातल्या गाळ्याचं भाडंही यातून निघत नाही. पण दहा मिनिटं कॉपी होईपर्यंत तो माणूस तुमच्या दुकानात बसलेला असतो. तो कव्हर बघतो, चार्जर विचारतो, पुढचा रिचार्ज तुमच्याकडे करतो. सेक्टरमधल्या चकाचक दुकानाशी आपण किमतीत लढू शकत नाही, भरवशात लढू शकतो.

एक काम मात्र घेऊ नका. "दादा, नवीन पिक्चर टाकून द्या ना." पूर्वी कितीतरी मोबाईलची दुकानं मेमरी कार्ड भरून देण्यावरच चालायची. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ५० रुपयांसाठी दुकानाला कुलूप लावून घेऊ नका.

आजच करा

एक वही घ्या. पहिल्या पानावर तीन रकाने आखा: दिसत नाही, अडतंय, चालत नाही. पुढचा प्रत्येक ग्राहक कोणत्या रकान्यात बसतो ते लिहा, आणि शेवटी काय केल्याने सुटलं तेही लिहा. महिन्याभरात तुमच्या भागाचं, तुमच्या ग्राहकांच्या फोनचं पुस्तक तयार होईल. ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

आणि आज रात्री स्वतःच्या घरातलं एक काम करा. आजी-आजोबांचा आवाज असलेला व्हिडिओ शोधा. तो किती ठिकाणी आहे ते मोजा. उत्तर 'एक' असेल तर उठा आणि दुसरी कॉपी करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, गल्ला सांभाळा आणि ग्राहक त्याहून जास्त सांभाळा.